मातीच्या भांड्यातला चहा

पोस्ट मोठी आहे मंडळी. क्रिकेटची आहे, पण नुसती क्रिकेटची नाही. आता घाई असेल तर सेव्ह करून ठेवा, रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या बोदवडजवळच्या एका गावात टेनिस बॉलची स्पर्धा बघायला गेलो होतो. बातमी करायची होती, दोन फोटो काढायचे होते. मैदान म्हणजे कापूस निघून गेलेलं मोकळं शेत, बाजूला मंडप, मंडपात माइक. माइकवरचा गडी भारी बोलत होता, लोकांना हसवत होता. सीमारेषेवर एक पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा उभा होता, रंगानं सावळा. त्यानं एक अवघड झेल घेतला. माइकवरून आवाज आला, "काय झेल घेतला रे आपल्या काळ्यानं! ऊन डोक्यावर आहे म्हणून दिसला तरी, रात्रीच्या मॅचला तर सापडलाच नसता!"

सगळं मैदान हसलं. मीही हसलो. पोरगाही हसला. पण पुढच्या चार-पाच षटकांत त्यानं मंडपाकडे एकदाही बघितलं नाही, हे मात्र माझ्या लक्षात राहिलं. घरी आलो, बातमी पाठवली. त्या बातमीत झेल होता, हसणं नव्हतं.

तेव्हापासून डोक्यात एकच माणूस घोळतो आहे. त्याच्याबद्दल आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. पालवणकर बाळू.

'लगान' सगळ्यांनी पाहिलाय. त्यातला कचरा आठवतो ना? अस्पृश्य म्हणून ज्याला संघात घ्यायला गावाचा विरोध होतो आणि ज्याचा चेंडू हातभर वळतो, तो. सिनेमा आला तेव्हा जुन्या क्रिकेटची माहिती असणाऱ्या अनेकांना बाळूची आठवण झाली होती. फरक एवढाच की कचरा पडद्यावरचा आणि बाळू खरा. आणि खऱ्या माणसाची गोष्ट सामना जिंकून संपत नाही.

बाळूचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं मूळ कोकणातलं, पालवण गावचं म्हणून पालवणकर. चर्मकार समाज. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे पोरं पुण्यात वाढली. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही वडिलांनी काम केलं. आपल्या वरणगावला आयुध निर्माणी आहे, तिथल्या वसाहतीत वाढलेल्या माणसाला हे वातावरण सांगायला नको. साहेब लोक खेळायचे, त्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले.

कमवायचं वय झालं तसा बाळू मैदानावरच कामाला लागला. आधी पारशी लोकांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा. पगार महिन्याला तीन रुपये. मग १८९२ च्या सुमाराला गोऱ्यांच्या पूना क्लबात, तिथे चार रुपये. जाळी बांधायची, चुना मारायचा, टेनिसचं कोर्ट आखायचं. एक दिवस एका साहेबानं सरावासाठी चेंडू टाकायला सांगितला. डावखुरा, संथ फिरकी. साहेब लोक चकित झाले.

तिथे कॅप्टन ग्रेग नावाचा फलंदाज होता, त्या काळातला इथला मोठा खेळाडू. तो रोज सगळ्यांच्या आधी मैदानावर यायचा आणि बाळूकडून तासन् तास सराव करून घ्यायचा. बाळूनं त्याला बाद केलं की तो आठ आणे द्यायचा, असं सांगतात. आठवड्यातून दोनदा बाद केला तरी महिन्याचा पगार दुप्पट व्हायचा.

आता यातली मेख बघा. पूना क्लबात बाळूनं हजारो चेंडू टाकले, पण त्याला तिथे बॅट कधी धरू दिली नाही. फलंदाजी म्हणजे साहेबाचं काम. नेटिव्हानं गोलंदाजी करावी, चेंडू आणून द्यावा. हा झाला गोऱ्यांचा भेद, कातडीचा.

दुसरा भेद आपला.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं आणि हरवू शकेल असा गोलंदाज समोर चुना मारत होता. घ्यायचा की नाही यावर बराच वाद झाला. शेवटी घेतला. मग मैदानावर एक नियम आणि मैदानाबाहेर दुसरा. बाळूनं टाकलेला चेंडू सगळे हातात घेत, चेंडूला विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की बाकीचे मंडपात बसून चिनी मातीच्या कपात चहा घेत आणि बाळूला बाहेर, मातीच्या भांड्यात. पिऊन झालं की फेकून द्यायचं. हात-तोंड धुवायचं असेल तर पाणीही वेगळं. जेवायला ताट वेगळं, जागा वेगळी. डझनावारी विकेट घेऊन दिलेल्या माणसाला हे.

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याला बाळूच्या गोलंदाजीवर हरवून संघ परत आला तेव्हा पुण्यात सत्कार झाला. न्यायमूर्ती रानडे यांनी त्या वेळी क्लबाच्या लोकांना सुनावलं की ज्याच्यासोबत खेळता, त्याच्यासोबत खायला-प्यायला काय हरकत आहे, असा प्रसंग सांगितला जातो. बोलणारा एक मोठा माणूस निघाला. पण चहा बाहेर जायचा तेव्हा मंडपात बसलेल्यांपैकी किती जण बोलले?

हा प्रश्न मी बाळूच्या संघाला विचारतोय खरा, पण आधी माझंच सांगतो. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शाळेतून नुकताच बाहेर पडलो होतो. आमच्या संघात वस्तीतला एक पोरगा होता, पळत येऊन असा टाकायचा की समोरचा बॅट काढेपर्यंत दांडी गुल. शेजारच्या एका गावात आम्ही स्पर्धा खेळायला गेलो. सामना त्यानंच काढून दिला. संध्याकाळी एका मोठ्या घरच्या ओट्यावर चहाला बोलावलं. आम्हाला कपबशा आल्या. त्याला बाहेरच्या कोनाड्यातून एक स्टीलचा ग्लास काढून दिला. त्यानं पायरीवर बसून चहा घेतला, ग्लास स्वतः विसळला आणि जिथून दिला होता तिथे उपडा घालून ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. त्याला माहीत होतं. आम्हालाही माहीत होतं.

ओट्यावर आम्ही दहा जण होतो. एकही बोलला नाही. माझ्या हातात बिस्किट होतं, ते मी खाल्लं.

पुढच्या स्पर्धेला तो आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. आम्ही आपसांत म्हणालो, त्याला कामधंदा लागला असेल. तेवढं म्हणून आम्ही मोकळे झालो.

पुन्हा बाळूकडे येऊ. १८९६ ला पुण्या-मुंबईकडे प्लेगची साथ आली आणि त्या धामधुमीत कुटुंब मुंबईला गेलं. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्याला घ्यायला पुन्हा विरोध, पुन्हा वाद, पुन्हा प्रवेश. रेल्वेत नोकरी मिळाली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघानं युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवलं. बंगालच्या फाळणीनंतरचे, स्वदेशीच्या चळवळीचे दिवस होते ते. या विजयाचा गाजावाजा किती झाला असेल, कल्पना करा. संघात बाळू होता आणि शिवरामही होता. पुढच्या वर्षी पुन्हा हरवलं. मुंबईच्या जिमखान्यात पंगतीचा भेद सैल झाला, याचं 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्रानं कौतुक केलं.

१९११ मध्ये भारताचा संघ इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचे महाराज, वय अवघं १९. संघ सपाटून हरला. २३ सामन्यांत १५ पराभव. पण बाळूनं, पस्तिशीत, हात दुखावलेला असताना, शंभराच्या वर बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ. लीस्टरशायरवर विजय मिळाला त्यातही मोठा वाटा त्याचाच. त्याची प्रथम श्रेणीची कारकीर्द ३३ सामन्यांची, बळी १७९, सरासरी १५ च्या आसपास. ज्यांना आकडे कळतात त्यांना हे काय चीज आहे ते कळेल.

परत आल्यावर मुंबईत त्याच्या सत्कारासाठी अस्पृश्य समाजाची सभा भरली. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवलंय की त्या वेळचं मानपत्र एका विशीतल्या विद्यार्थ्यानं लिहिलं होतं. नाव भीमराव रामजी आंबेडकर.

इथून गोष्ट फक्त क्रिकेटची राहत नाही.

दोघांत १५ वर्षांचं अंतर, पण सुरुवात बघा किती सारखी. दोघांचे वडील लष्करात. बाळूला मंडपाबाहेर मातीचं भांडं. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना बसायला घरून आणलेलं तरट आणि शिपायानं नळ उघडला तरच पाणी. त्या तरुण विद्यार्थ्याला बाळू हा आपल्यातला हिरो वाटला असणार. गुणवत्तेनं दार उघडतं, याचा तो चालता-बोलता पुरावा होता.

पण दार किती उघडलं? कप्तानपद बाळूला कधीच मिळालं नाही. तो सगळ्यांत अनुभवी, सगळ्यांत यशस्वी. कप्तान मात्र दुसराच. १९१३ मध्ये कप्तान झालेले एम. डी. पै यांनी स्वतः जाहीरपणे म्हटलं होतं की हा मान खरा बाळूचा होता. माणूस सरळ होता. पण मान बदलला नाही.

१९२० मध्ये चौरंगी स्पर्धेत बाळूला संघातूनच वगळलं. तेव्हा त्याचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल संघातून बाहेर पडले. नुसते गप्प घरी बसले नाहीत, वर्तमानपत्रातून जाहीर पत्र देऊन बाहेर पडले. अन्याय झालाय, जातीमुळे झालाय आणि आम्हाला स्वाभिमान आहे, असा त्याचा रोख. गदारोळ झाला. अंतिम सामन्याआधी तडजोड झाली, भाऊ परत आले, बाळूला उपकप्तान केलं. पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ त्यानं संघ सांभाळला. आयुष्यभरात तेवढाच.

मग १९२३ मध्ये धाकटा विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला आणि त्या वर्षी स्पर्धा जिंकली. पुढे १९२५ ला आणि १९२६ लाही. ज्या घरातल्या थोरल्याला कपात चहा मिळत नव्हता, त्याच घरातल्या धाकट्याच्या हुकमावर सगळे सवर्ण खेळाडू उभे राहिले. यात तीस वर्षं गेली. विठ्ठलनं पुढे 'माझे क्रीडा-जीवन' नावाचं आत्मचरित्रही लिहिलं.

एकाच घरातले भाऊ, पण मैदानानं त्यांना वेगवेगळं शिकवलं. थोरला सोसत राहिला, चेंडू टाकत राहिला. धाकट्यांनी थोरल्याचं सोसणं बघितलं आणि ते सही करून बाहेर पडायला शिकले. बाहेर पडल्यावर दार जास्त उघडलं, हेही खरं. पण थोरल्यानं आधी तेवढं सोसलं नसतं, तर त्यांना बाहेर पडायला संघात जागाच नसती. हेही तितकंच खरं.

आणि मानपत्र लिहिणारा तो विद्यार्थी? त्याचं काय झालं, त्यातला एक तुकडा आपल्या खान्देशातला आहे.

१९२९ साल. आंबेडकर तोवर बॅरिस्टर झालेले, कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेले, सरकारी समितीचे सदस्य. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला ते खान्देशात फिरत होते. चाळीसगावला उतरले. वस्तीतल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनावरून न्यायला टांगा हवा होता. टांगेवाल्यांनी अस्पृश्याला टांग्यात घेऊन हाकायला नकार दिला. शेवटी टांगा भाड्यानं घेतला आणि हाकायला वस्तीतलाच माणूस बसवला. त्याला सवय नव्हती. पुलाजवळ टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

आपण चाळीसगावहून रेल्वेनं किती वेळा गेलो असू. मला ही गोष्ट तिशी उलटल्यावर कळली.

म्हणजे शाळेतलं तरट पदव्यांनी सुटलं नाही. गुणवत्तेनं दार उघडतं यावरचा बाबासाहेबांचा विश्वास कधी आणि कसा ओसरला, हे मी सांगू शकत नाही. पण पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. बाळूला ते पटलं नाही. त्याआधी १९३२ च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत बाळू होता. त्याचा विश्वास अजून आत राहून, समजावून, वाट बघण्यावर होता. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाळू काँग्रेसकडून थेट बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला. साधारण दोन हजार मतांनी हरला.

एकेकाळी ज्याचं मानपत्र लिहिलं, त्याच्याविरुद्ध निवडणूक. आज कुणी बाळूला नावं ठेवतं, कुणी त्याला सोयीनं विसरतं. मला दोन्ही बरोबर वाटत नाही. ज्याला आयुष्यात प्रत्येक दार चेंडू टाकून-टाकूनच थोडं थोडं उघडलं, त्याला आणखी थोडं थांबू, अजून उघडेल, असं वाटणं समजू शकतं. ज्यानं पदव्या घेऊनही चाळीसगावच्या पुलावर हाड मोडून घेतलं, त्याला थांबणं पुरे झालं असं वाटणंही समजतं. एकाच अपमानाची ही दोन उत्तरं आहेत. उत्तरांवर भांडण करणारे आपण पुष्कळ. अपमान करणारा कोण होता, हे विचारणारे कमी.

बाळू जुलै १९५५ मध्ये मुंबईत गेला.

"जुन्या काळातलं आहे हे सगळं, आता कुठे असं राहिलंय," असं कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. जुलै २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कसोटी सुरू होती. मायकल होल्डिंग, वेस्ट इंडीजचा एकेकाळचा तुफान गोलंदाज, ज्याला बघून फलंदाजांना घाम फुटायचा, तो टीव्हीवर बोलता बोलता रडला. वय ६६. आठवण आई-वडिलांची होती. नवरा फार काळा म्हणून आईच्या माहेरच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ६६ वर्षांचा माणूस, सगळं कमावलेला, आणि डोळ्यांत पाणी त्याचं.

त्याच वर्षी डॅरेन सॅमीनं सांगितलं की आयपीएलमध्ये त्याला 'कालू' म्हणायचे. त्याला वाटायचं याचा अर्थ दमदार घोडा असा काहीतरी आहे. खरा अर्थ कळायला काही वर्षं गेली. त्याआधी २०१७ मध्ये आपला कसोटीपटू अभिनव मुकुंद यानं लिहिलं होतं की पंधराव्या वर्षापासून खेळायला देशभर फिरतोय आणि लोकांचं रंगावरून बोलणं तेव्हापासून ऐकतोय. उन्हात खेळून माणूस काळा होतो. तो उन्हात का उभा आहे, हे बघत नाही कुणी.

पंधरावं वर्ष. सीमारेषेवरचा तो पोरगाही तेवढाच होता.

हे लिहायला घेतलं तेव्हा त्या जुन्या मित्राचा नंबर शोधला. तो सुरतला असतो, बरं चाललंय. आधी इकडचं-तिकडचं झालं, पाऊस-पाणी, कापसाचा भाव. मग मी तो ओटा काढला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सोड ना भो, कुठलं काय काढून बसला."

मी म्हणालो, मला बोलायला पाहिजे होतं तेव्हा.

तो म्हणाला, "पोरगा माझा मस्त टाकतो रे. क्लबात जातो इथं. पण पाण्याची बाटली मी घरूनच देतो त्याला, रोज. बायको म्हणते तिथं कूलर आहे, सगळी पोरं तिथंच पितात. मला माहीत आहे भो. तरी देतो."

मग त्यानं विषय बदलला. मीही बदलू दिला.

पोराला काही माहीत नाही. सुरतच्या त्या क्लबात बहुतेक त्याला कुणी काही म्हणतही नसेल. तरी पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या एका ओट्यावरचा ग्लास रोज सकाळी त्या घरात भरला जातो. आम्ही दहा जण तो विसरलो होतो.

आता कामाचं बोलतो. दिवाळीनंतर आपल्या तालुक्यात पुन्हा स्पर्धा सुरू होतील. आयोजकांत निम्मे मला ओळखतात. माझ्या तीन साध्या मागण्या आहेत. माइकवर खेळाडूचं नाव घ्या, यादी तुमच्या हातातच असते. रंगावरून, वस्तीवरून, आडनावावरून केलेला विनोद हा विनोद नाही, हे समालोचकाला आधीच सांगा. आणि चहा-नाश्ता एकाच टेबलावर ठेवा, एकाच कपात द्या.

माझ्याकडून एवढंच, की पुढच्या वेळी माइकवरून तसं काही आलं तर मी मंडपात जाऊन तिथेच बोलेन. ऐकलं तर ठीक, नाही ऐकलं तर ते बातमीत येईल. त्यावर कुणाला राग आला तर येऊ द्या.

आणि त्या झेल घेणाऱ्या पोराला, ही पोस्ट तुझ्यापर्यंत पोचली तर. त्या दिवशी मीही हसलो होतो, माफ कर. झेल खरंच भारी होता.